बिनवारशांच्या ओळी

३ ऑगस्ट

मेदेर-आकेंशी आज परत वाजलं. मालक आहेत, पण सगळे त्यांना आके, म्हणजे दादा, म्हणतात. ते म्हणाले, "उलार, तुला कॉलेजातनं काढला तो उगाच नाही."

"काढलं नाही. मी सोडलं."

"एकच ते."

"एकच कसं? काढलेला मुलगा रडत बाहेर पडतो. मी दार आपटून बाहेर पडलो."

यावर साइकाल खुदकन हसली. ती हसली म्हणून मी गप्प बसलो, नाहीतर आज इथलंही दार आपटलं असतं. मग बिश्केकमध्ये मला कामाला ठेवणारा दुसरा कोणी सापडला नसता.

भांडण आमच्या वेबसाइटवरून. काम साधं आहे. आम्हा किर्गिझांत सोयरीक जुळवण्याआधी दोन्ही घरांनी सात बाप मोजायचे, बाप, आजोबा असे वर सात पिढ्या. सातात एक जरी सामाईक निघाला तर विषय तिथेच मिटला. पूर्वी हे म्हातारे सांगायचे. आता म्हातारे गेले आणि पोरं-पोरी शहरात एकमेकांना कॉफीच्या दुकानात भेटतात, म्हणून लोक आमच्याकडे येतात. दोन नावं टाका, दोघांच्या बापांची नावं टाका, यंत्र दोन्हीकडून सात पायऱ्या वर चढतं आणि सांगतं, नातं आहे किंवा नातं नाही. फक्त ते इतकं रेंगाळतं, की तोवर चहा ओतून, पिऊन, पेला विसळूनही होतो. लोक कंटाळून निघून जातात.

चौदा सप्टेंबरला टीव्हीवाले येणार आहेत. देशभरचे लोक घरबसल्या आपापली नावं टाकणार. मेदेर-आके म्हणाले, "त्या दिवशी हे अडकलं तर मी सगळं बंद करतो. लग्नाचे व्हिडिओ काढत होतो तेच बरं होतं."

बंद झालं तर साइकाल आत-बाशीला, तिच्या गावी, परत जाईल. मला एवढंच ऐकू आलं.

५ ऑगस्ट

साइकालबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दोन दिवस पाळलं, पुष्कळ झालं.

साइटवरची जवळजवळ सगळी माणसं तिच्या वडिलांनी गोळा केलेली. जुमाश मास्तर. गणित शिकवायचे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की घोड्यावर बसून कुरणाकुरणांतून हिंडायचे, म्हाताऱ्यांपुढे बसायचे आणि ते सांगतील तसं टिपून घ्यायचे. लॅपटॉप आल्यावर कागद सोडूनच दिला. कागद भिजतो, त्याला उंदीर खातात, यंत्रातलं कायम राहतं, असं म्हणायचे. जुन्या वह्या स्वतः चुलीत घातल्या. गेल्या हिवाळ्यात झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. आता उरलेली भर साइकाल घालते, आमच्या ऑफिसात खिडकीपाशी बसून, सूर्यफुलाच्या बिया सोलत.

आज ती बराच वेळ बाबांविषयी बोलली. म्हणाली, "दुसरे वंशावळवाले फक्त मुलगे लिहितात, त्यातही ज्यांचा वंश पुढे गेला तेच. बाबांनी सगळ्यांना लिहिलं. मुली, बिनलग्नाचे, लहानपणीच गेलेले. म्हणायचे, आपण जनगणनेवाले, मोठ्या लोकांचे भाट नाही." अजूनही पुष्कळ सांगत होती, घरातलंच काहीतरी, आई, भाऊ असं. मी तिच्या कानांतल्या चांदीच्या लोलकांकडे बघत होतो. निम्मं ऐकलं.

मला ती 'इनिम' म्हणते. धाकटा भाऊ. मलाही मग तिला 'एजे', ताई, म्हणावं लागतं. दोनच वर्षांनी मोठी आहे! मला वाटतं मुद्दाम म्हणते. ज्या मुलीला काहीच वाटत नाही ती इतकं चिडवत नाही.

११ ऑगस्ट, गुरुवार

सापडलं!!

प्रत्येक माणसाला एक क्रमांक आहे, आणि त्याच्या ओळीत त्याच्या बापाचा क्रमांक आहे. पण एका रकान्यात क्रमांक आकडा म्हणून ठेवलाय आणि दुसऱ्यात अक्षरं म्हणून. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला नाही. सूची आहे, पण ती आकड्यांची. अक्षरं घेऊन आलेल्याला ती उघडताच येत नाही. म्हणून बापाकडे जाणारी एकेक पायरी चढायला ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचत बसतं. मग पुढच्या पायरीला पुन्हा पहिल्यापासून. मुलाचे सात बाप, मुलीचे सात बाप, दर वेळी अख्खी किर्गिझ जमात वाचून काढायची. दमणार नाही तर काय?

तपासायला कुणाची तरी नावं लागतातच. मी माझं टाकलं आणि साइकालचं. शास्त्र म्हणून. बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि मग उत्तर आलं: नातं नाही. त्या दोन शब्दांनी मला इतका आनंद झाला की खाली औषधाच्या दुकानात जाऊन मी उगाच खोकल्याच्या गोळ्या घेऊन आलो.

अडचण एकच. रकाना बदलायचा म्हणजे सगळा तक्ता नव्याने लिहावा लागणार, आणि तो होईपर्यंत जुना आणि नवा दोन्ही डिस्कवर मावायला हवेत. डिस्क गच्च भरलीय.

आणि नारिनकडचा कोणी महाभाग आहे. आज दुपारी यंत्राचा जीव त्यानेच खाल्ला. फक्त 'तोक्तो' एवढं लिहून शोधतो. बापाचं नाव नाही, गाव नाही. आमच्याकडे ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे पुढच्या मुलाचं नाव असं ठेवतात. थांब, म्हणून. असे हजारो आहेत. हा बाबा पान उलटतो, पुन्हा पान उलटतो, आणि दर पानाला यंत्र बिचारं पहिल्यापासून मोजतं.

१८ ऑगस्ट, गुरुवार

नारिनवाला आज पुन्हा आला. मागच्या नोंदी काढून बघितल्या. दर गुरुवारी दुपारी येतो, तेच 'तोक्तो', तशीच पानामागून पानं. एकतर तो रोबो आहे, नाहीतर निवृत्त पोलीस. नावाच्या तुकड्यावरून शोधणाऱ्यांसाठी वेगळी सूची बांधता येते, पण ती केवढी तरी जागा खाईल. एका रिकामटेकड्यासाठी? मी सरळ मर्यादा घातली. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर विचारणा कापून टाकायची. पडद्यावर येतं, 'नंतर प्रयत्न करा.' त्याने दुपारभर प्रयत्न केला. मी इकडे बसून कापत होतो. मजा आली, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी साइकालला आईचा फोन आला. बराच वेळ नुसती ऐकत होती. ठेवल्यावर म्हणाली, "बाबा आज टेबलावर हात आपटतायत. काय हवंय ते आईला कळत नाही. पीठ मळून ठेवलंय, तळू देत नाहीयेत."

मी म्हणालो, "एजे, हवा बदललीय, म्हाताऱ्या माणसांना होतं तसं."

ती म्हणाली, "तुला रे काय कळतंय." पण मायेने म्हणाली.

२६ ऑगस्ट

जागा मिळाली. सगळ्या माहितीची एक मोठी जुनी प्रत त्याच डिस्कवर एका कोपऱ्यात पडून होती. माझ्या आधी इथे कामाला होता त्या पोराने काढून ठेवलेली. निम्मी डिस्क तिनेच अडवलेली! ज्या घराला आग लागायची भीती, त्याच घरात पाण्याची टाकी ठेवण्यासारखं झालं हे. आधीच्या पोराच्या अकलेवर मनसोक्त हसलो आणि ती प्रत पुसली. तक्ता लिहून झाला की नवी काढायचीच आहे.

३ सप्टेंबर

तक्ता नव्याने लिहिला. आकड्याला आकडा भेटला. माझं आणि साइकालचं नाव टाकलं आणि बटण दाबतो न दाबतो तोच उत्तर: नातं नाही. पुन्हा दाबलं. नातं नाही. दहा-बारा वेळा तरी दाबलं असेल.

साइकालला बोलावून दाखवलं, म्हणजे दुसरीच नावं टाकून दाखवलं. ती म्हणाली, "इनिम! तू तर जादूगार निघालास." माझ्या पाठीवर थाप मारली. घरी चालत आलो, मिनीबसमध्ये बसून हे वाया घालवायचं नव्हतं.

५ सप्टेंबर

सगळं पाण्यात. काल मेदेर-आकेंच्या चुलतभावाकडे लग्न होतं. बेशबरमाक वाढून झालं तसे ते हातात माइक घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, सगळ्यांनी फोन काढा आणि एकदम आपापले सात बाप बघा!" तीनेकशे माणसांनी फोन काढले आणि सर्व्हर आडवा झाला. एक म्हातारा ओरडला, "मेदेर, तुझे बाप झोपले वाटतं!" सगळा मांडव हसला.

आज सकाळी आल्या-आल्या माझ्यावर तुटून पडले. मी समजावलं, एका वेळी एक विचारणा झटकन होते, पण शेकडो आल्या की सगळा तक्ता यंत्राच्या डोक्यात मावत नाही, दर वेळी डिस्कवर जावं लागतं.

"मग डोकं मोठं कर."

"त्याला मोठं यंत्र लागेल."

"ते नाही मिळायचं."

"मग तक्ता लहान करावा लागेल."

"कर की मग. मला कशाला विचारतोस?"

६ सप्टेंबर

दिवसभर ओळी बघत बसलो. नातं तपासताना यंत्र फक्त वर जातं. मुलगा, बाप, आजोबा. म्हणजे ज्याच्या खाली कोणीच नाही आणि जो हयातही नाही, त्याच्यावरून कधीच कोणी वर चढत नाही. अशी ओळ कुठल्याही उत्तरात येऊ शकत नाही. मोजल्या. निम्म्याहून जास्त निघाल्या! आणि मेलेल्या बायका तर झाडून सगळ्या यात, कारण तक्त्यात मुलं लागतात ती बापाला. यंत्राच्या लेखी सगळ्याच निपुत्रिक.

मेदेर-आकेंना सांगितलं. मला वाटलं विचार करतील. ते बिलियर्डला निघाले होते.

"लग्न करायला मेलेली माणसं येतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मेलेल्या बिनवारशांना कोण विचारतं?"

"तसं कोणी नाही."

"मग मला का विचारतोयस? चौदा तारखेला पळालं पाहिजे. प्रत बित काढलीस ना?"

मी हो म्हणालो. लहान झाल्यावर काढायचीच आहे, म्हणजे ती पण लहान होईल.

साइकाल दोन दिवस रजेवर आहे, दाताला. तिला न विचारताच करावं. झाल्यावर दाखवलं की जास्त मजा.

७ सप्टेंबर

केलं. पुसलं, मग तक्ता घट्ट आवळून घेतला, म्हणजे पुसलेल्या ओळींच्या पोकळ जागाही गेल्या. मग प्रत काढली. सगळंच्या सगळं आता यंत्राच्या डोक्यात मावतं. शेकडो विचारण्या एकदम सोडून बघितल्या, हूं की चूं नाही. मला आमच्या प्राध्यापकाची आठवण आली, ज्याने भर वर्गात मला म्हटलं होतं की तुझ्या हातून काही पुरं होणार नाही. त्याला बोलावून दाखवावंसं वाटलं.

८ सप्टेंबर, गुरुवार

नारिनवाल्याची मर्यादासुद्धा काढून टाकली, आता गरजच नाही. त्यालाही क्षणात उत्तर मिळालं. पानंही कमी झालीत. तरी समाधान नाही! शेवटच्या पानापर्यंत जाऊन परत पहिल्यावर येतो. दिवे लागेपर्यंत चाललं होतं. काही लोकांना वेगसुद्धा पचत नाही.

साइकाल आली कामावर, गाल सुजलेला. म्हणाली घरी बाबांनी जेवण टाकलंय. रविवारी जाऊन येईन म्हणत होती. मी म्हटलं, टीव्हीचं होऊन जाऊ दे एजे, मग निवांत जा. थांबली. माझ्या शब्दासाठी थांबली.

१४ सप्टेंबर

झालं!! देशभरातून लोक तुटून पडले आणि आमचं यंत्र घोड्यासारखं पळालं. निवेदिकेने स्वतःचं आणि होणाऱ्या नवऱ्याचं नाव टाकलं, नातं नाही, टाळ्या. मेदेर-आके रडले. मला कवटाळून म्हणाले, "कोण म्हणतं तुला काढलं? तू सोडलंस!" साइकालने सगळ्यांदेखत माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचा मुका घेतला. "आमचा इनिम."

आईला मॉस्कोला फोन केला. म्हटलं, हिवाळ्यात ये आणि येताना कानांतलं घेऊन ये. आमच्यात मुलाची आई मुलीच्या कानांत घालते, तेव्हा मागणी पक्की. आई विचारते, "मुलीला विचारलंस का?" म्हटलं, विचारायचं काय त्यात, तू ये तर.

१५ सप्टेंबर, गुरुवार

लिहू नये असं वाटतंय.

दुपारी साइकाल माझ्या टेबलापाशी आली. हातात फोन, पलीकडे तिची आई. म्हणाली, "जरा बघ ना, माझा भाऊ दिसत नाहीये."

"कुठला भाऊ?"

"तुला सांगितलं होतं ना? अरे, गेल्याच महिन्यात. नऊ वर्षांचा असताना गेला, नदीत बुडून. दर गुरुवारी आई कणीक तळते, तेलाचा वास गेलेल्यांना पोचावा म्हणून, आणि नावं घेऊन दुआ करते. पूर्वी नावं बाबा घ्यायचे. वाचा गेल्यापासून डाव्या हाताने त्याचं नाव शोधून काढतात आणि पडद्यावर बोट ठेवतात. मग आई घेते. त्यांनी बोट ठेवल्याशिवाय तिला तळू देत नाहीत. गेल्या महिन्यात साइट मध्येच अडायची, आता पानं उघडतात तर गेल्या आठवड्यापासून तो सापडतच नाहीये."

मी विचारलं, "नाव काय?" मला उत्तर माहीत होतं.

"तोक्तोसून."

मी म्हटलं, "दुरुस्ती चालू आहे, येईल दोन दिवसांत." तिने फोनवर आईला तसंच सांगितलं, आणि मग जरा मोठ्या आवाजात, म्हणजे बाबांना ऐकू जावं म्हणून, "बाबा, येईल, उलार बघतोय."

१६ सप्टेंबर

प्रत नाही. पुसलेली जुनी प्रत परत मिळवून देणारा एक माणूस आहे म्हणे, त्याला डिस्क दाखवली. म्हणाला, "ज्या जागेत ती होती तिथेच तू नवा तक्ता लिहिलास. घर पाडून त्याच्याच विटांनी दुसरं बांधलंस. आता पहिलं कुठनं आणू?"

तक्ता आवळला नसता तरी काहीतरी हाती लागलं असतं. ते मी हौसेने केलं.

१७ सप्टेंबर

साइकालचा लॅपटॉप तिच्या नकळत बघितला. तिने स्वतः घातलेली थोडी नावं आहेत, बाकी काही नाही. मास्तरांचा लॅपटॉप त्यांनी साइट सुरू झाल्यावर शाळेला देऊन टाकला होता, शाळेने तो पुसून मुलांना दिला. इथे सगळेच पुसतात.

एक मनात आलं, त्या एका पोराची ओळ आपणच लिहून टाकावी. नाव, बापाचा क्रमांक, जन्म, मृत्यू. कुणाला कळणार? लिहिलीसुद्धा. मग बाकीच्यांचं काय, असं वाटलं आणि पुसली. पुन्हा लिहिली. जन्माचं साल ठाऊक नव्हतं, अंदाजाने टाकलं होतं. त्यांचं बोट चुकीच्या सालावर पडेल हे डोळ्यांपुढे आलं आणि परत पुसली.

२० सप्टेंबर

आज तिला कळलं. मेदेर-आकेंनी सांगितलं, तेही सहज, समोशाचा तुकडा मोडता मोडता. "अगं ते होय, ते उलारने कमी केले ना, बिनवारशी."

ती माझ्याकडे वळली. "कमी केले म्हणजे?"

"पुसले."

"किती?"

"सगळे. जे गेलेले आहेत आणि ज्यांना मुलं नाहीत."

"आणि बायका?"

"त्याही."

मेदेर-आके मध्ये पडले, "साइकाल, पोरी, कुणाचं काही अडलंय का त्यांच्यावाचून? साइट पळतेय ना? तुझ्या बाबांचंच नाव होतंय."

ती त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "तू मला त्या दिवशी म्हणालास, हवा बदललीय."

"मला माहीत नव्हतं, एजे."

"मी सांगितलं होतं तुला. सगळं सांगितलं होतं. त्याचं नाव, त्याची शाळा, सगळं. तू माझ्याकडेच बघत होतास. मला वाटलं ऐकतोयस."

मी बोलून गेलो. तिच्यासाठीच केलं, बंद झालं असतं तर ती गेली असती, आई हिवाळ्यात येणार आहे, सगळं एका दमात. मेदेर-आकेंसमोर. साइकालच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं तो राग नव्हता. ती दमली होती. "वेड्या," ती म्हणाली, "मी तुला त्याच्या जागी धरत होते."

दुपारच्या गाडीने ती गावी गेली. बियांची टरफलं बशीत तशीच आहेत. मी टेबलावर मूठ आपटली, काच फुटली. मेदेर-आके म्हणाले, काच तुझ्याकडनं भरून घेईन.

२९ सप्टेंबर, गुरुवार

दुपारभर नोंदी उघडून बसलो होतो. नारिनकडून कोणीच आलं नाही.

४ ऑक्टोबर

मास्तर गेले. मेदेर-आकेंनी सांगितलं. पुन्हा झटका आला म्हणे. मेदेर-आकेंना उद्या टीव्हीवाल्यांना भेटायचंय म्हणून येता येणार नाही. मी निघतो.

८ ऑक्टोबर

नारिनहून परतताना गाडीत हे लिहितोय. अक्षर हलतंय.

पाच तारखेला नारिनच्या पुढे आत-बाशीला पोचलो. घराबाहेर काळवंडलेला युर्ट, लोकरीचा गोल तंबू, उभा केला होता, आत मास्तर. आमच्यात मयताचं घर दिसलं की पुरुषांनी मोठ्याने रडत धावत जायचं असतं. मी आजवर दोन-चारदा केलंय, रीत म्हणून, घशातून आवाज काढत. या वेळी "हाय माझ्या बापा" म्हणून धावलो आणि आवाज थांबेचना. दाराशी काठीवर टेकून रडणाऱ्यांपैकी एकाने मला धरलं. कोण रे हा, जावई का, असं कोणीतरी मागे विचारलं. कोणीतरी म्हणालं, नाही, बिश्केकचा आहे.

आत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, साइकाल त्यांत. ती रडगाणं गात होती. त्यात बापाला म्हणत होती, तू सगळ्यांना लिहिलंस, तुला कोण लिहिणार. मी तिथे उभा राहू शकलो नाही. लाकडं फोडली, पाणी आणलं, मेंढी कापायला धरली. दुसऱ्या दिवशी माती झाली, आज सकाळी पाहुणे पांगले. मीही निघत होतो तर साइकालच्या आईने हाक मारली.

"यंत्रवाला तूच ना?"

"हो, आपा."

साइकाल चुलीपाशी पाठमोरी होती. वळली नाही.

"यंत्र आणलंयस?"

आणलं होतं. लॅपटॉप का आणला होता मलाच माहीत नाही. बसलो. ती समोर गुडघे मोडून बसली आणि सांगायला लागली. रडली नाही. आधी तोक्तोसून, मग तिच्या दिराच्या घरातली एक मुलगी जी गोवराने गेली, मग सासूच्या बहिणी, मग वरच्या गावचा एक मुका म्हातारा ज्याने लग्न केलं नव्हतं. एकेकाला थांबून, हा कुणाचा कोण ते नीट लावून देत होती. शेजारच्या दोन म्हाताऱ्या येऊन बसल्या, त्या तिच्या चुका काढत होत्या. "अगं ती गोरी नव्हे, ती धाकटी." "गोरी काय लिहितोय का तो? साल सांग." मला वाटत होतं की हे सगळं मास्तरांबरोबर गेलं. अर्धं इथे या तिघींजवळ पडलेलं होतं. अर्धंच पण. पुष्कळ वेळा तिघीही एकमेकींकडे बघायच्या आणि मान हलवायच्या.

मी केलं काय ते साइकालच्या आईला सांगितलं. सांगायला नको होतं असं साइकालच्या खांद्यावरून दिसत होतं. ती बाई ऐकून घेऊन म्हणाली, "ते तिने सांगितलंय मला. त्यांना नाही सांगितलं आम्ही. त्यांना वाटत राहिलं आपलंच बोट चुकतंय. पहिली ओळ वाचून दाखव."

मी वाचली. "तोक्तोसून. बाप जुमाश." जन्माचं साल. मृत्यूचं साल.

ती वाट बघत राहिली. "पुढे?"

"एवढंच असतं, आपा."

"आणि मी?"

मला आधी कळलंच नाही.

"मी जन्म दिला त्याला," ती म्हणाली. "माझं कुठे आहे?"

आईचा रकाना नाहीच. मास्तरांनी सगळ्यांना लिहिलं, पण तो रकाना त्यांनीही ठेवला नव्हता. मी इतके आठवडे त्या तक्त्यात डोकं घालून होतो, एकेक अक्षराची जागा वाचवत होतो, आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी तिथेच बसून रकाना टाकला. त्याला काही वेळ लागत नाही. रिकामा असेपर्यंत तो जवळजवळ जागाही खात नाही.

"नाव काय, आपा?"

तिने आधी साइकालकडे बघितलं. साइकाल वळली होती. मग म्हणाली, "बात्माकान." मी लिहिलं. "माझी आई उमसुन. तिची कालिपा." शेजारणीही आपापल्या सांगायला लागल्या, बोटांवर मोजत, एकमेकींच्या वरताण. तिसरीनंतर तिघी एकामागून एक थांबल्या. सात बाप त्यांना झोपेतही म्हणता आले असते.

"तुझी?" बात्माकान आपाने विचारलं.

"गुलसून."

"तिची?"

 आजीला मी नेहमी आजीच म्हटलं. तिने मला वाढवलं, आई मॉस्कोला गेल्यापासून. तिच्या मातीलाही होतो.

साइकाल चहा घेऊन आली आणि माझ्यापुढे पेला ठेवला. इनिम म्हणाली नाही. आईला म्हणाली, "त्याला उजेडात निघू दे, घाटात बर्फ पडलंय."

मी बाहेर येऊन मॉस्कोला फोन लावला. आई कामावर होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता. तिला वाटलं मी कानातल्यांसाठीच फोन केलाय. म्हणाली, "घेतले रे, कालच घेतले, साधेच आहेत पण चांगले आहेत." मी म्हटलं, ते राहू दे. आजीचं नाव काय होतं ते सांग.